श्वानक्रीडा : उतारवयातील कुत्रे

धावणे, उडी मारणे, वास घेणे, माग काढणे व माणसाच्या सूचनेनुसार वागणे या कुत्र्याच्या अंगभूत प्रवृत्तींना नियमांची चौकट देऊन जे खेळ व स्पर्धा योजल्या जातात, त्यांस श्वानक्रीडा असे म्हणतात. कुत्र्यांच्या प्रदर्शनात त्यांच्या शरीराची ठेवण व जातिलक्षणे तपासली जातात; श्वानक्रीडेत मात्र त्यांचे काम पाहिले जाते. तीत भाग घेणारे नेहमी दोन असतात : कुत्रा आणि त्याला सूचना देत त्याच्याबरोबर मैदानात उतरणारा माणूस. या माणसास पोलीस खात्याच्या परिभाषेत हस्तक म्हणतात व तोच शब्द येथे वापरला आहे. प्रस्तुत नोंदीत विचार केला आहे तो वयाने उतरणीस लागलेल्या, परंतु उत्साह न ओसरलेल्या कुत्र्यांच्या खेळांचा व शिक्षणाचा. सकस आहार, रोगप्रतिबंधक लशी आणि सुधारलेली पशुवैद्यकीय चिकित्सा यांमुळे घरात पाळलेले कित्येक कुत्रे आता बारा-चौदा वर्षांपर्यंत जगतात. त्यामुळे ‘याला अजून खेळायचे आहे; खेळू द्यावे काय आणि किती?’ हा प्रश्न पुष्कळ घरांत उद्‌भवतो.

कुत्रा म्हातारा केव्हा समजावा, याचे एकच उत्तर नाही. कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे, हा सर्वतोमुखी असलेला हिशोब चुकीचा आहे. कुत्र्याची वाढ पहिल्या एक-दोन वर्षांत अतिशय झपाट्याने होते व पुढे तो वेग मंदावतो. शिवाय मोठ्या चणीच्या जाती लवकर वृद्ध होतात. ग्रेट डेन जातीच्या कुत्र्यात सहाव्या-सातव्या वर्षीच वार्धक्याची चिन्हे दिसू लागतात, तर पॉमेरेनियनसारखा लहान कुत्रा दहाव्या वर्षीही तरतरीत असतो. अमेरिकन ॲनिमल हॉस्पिटल असोसिएशनने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अपेक्षित आयुर्मानाचा शेवटचा चतुर्थांश म्हणजे वृद्धावस्था अशी व्याख्या केली आहे. ती व्यवहारात सोयीची आहे. प्रदर्शनांच्या नियमांत वयाची सरळ मर्यादा घातलेली असते : ब्रिटनच्या केनेल क्लबच्या ज्येष्ठ गटात सात वर्षांचा, तर आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या (एफसीआय) ज्येष्ठ गटात आठ वर्षांचा कुत्रा प्रवेश घेऊ शकतो.

इतिहास : बहुतेक श्वानक्रीडांचा उगम कुत्र्याच्या कामात आहे. मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांची ब्रिटनमधील पहिली नोंदलेली स्पर्धा वेल्समधील बाला येथे १८७३ मध्ये झाली व १९०६ मध्ये या कुत्र्यांसाठी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. जर्मनीत विसाव्या शतकाच्या आरंभी माग काढणे, आज्ञापालन व संरक्षण अशा तीन अंगांची परीक्षा रूढ झाली. अमेरिकेत हेलन व्हाइटहाउस वॉकर या बाईंनी १९३३ मध्ये आज्ञापालनाची स्पर्धा भरविली व १९३६ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने तिचे नियम मान्य केले. सर्वांत लोकप्रिय ठरलेली ‘ॲजिलिटी’ ही अडथळ्यांची शर्यत मात्र कामातून नव्हे, तर करमणुकीतून जन्मली. लंडन येथील क्रफ्ट्स प्रदर्शनात १९७८ मध्ये दोन कार्यक्रमांमधला रिकामा वेळ भरून काढण्यासाठी घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेच्या धर्तीवर ती प्रथम दाखविण्यात आली. प्रेक्षकांना ती इतकी आवडली की, १९८० मध्ये केनेल क्लबने तिला अधिकृत खेळ म्हणून मान्यता दिली. १९९६ पासून तिची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा दरवर्षी भरविण्याचा प्रघात पडला. चार कुत्र्यांच्या संघाने अडथळ्यांवरून धावत जाऊन पेटीतून उसळणारा चेंडू आणण्याची ‘फ्लायबॉल’ शर्यत, हवेत फेकलेली तबकडी झेलण्याचा खेळ, ‘रॅली’ हे आज्ञापालनाचे सौम्य रूप आणि लपविलेला वास शोधण्याचा खेळ हे अन्य प्रकार होत.

भारतात केनेल क्लब ऑफ इंडिया या चेन्नईस्थित संस्थेच्या नियमांखाली प्रदर्शनांच्या जोडीने आज्ञापालनाच्या परीक्षा घेतल्या जातात. पोलीस दलांच्या अखिल भारतीय कर्तव्य मेळाव्यात माग काढणे, स्फोटके व अमली पदार्थ शोधणे यांत श्वानपथकांच्या चढाओढी होतात. दख्खनच्या पठारावरील कारवान जातीचा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या सशाच्या शिकारीसाठी वापरला गेला. १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाने अशा शिकारीस प्रतिबंध केला. या कुत्र्याची धाव मात्र कायद्याने थांबलेली नाही. तिला वाट हवी असते व शहरात ठेवलेल्या कारवान कुत्र्याच्या बाबतीत हा प्रश्न वयाच्या आठव्या-नवव्या वर्षीही जाणवतो. [⟶ कुत्रा].

उत्साह व क्षमता : वयस्कर कुत्र्याच्या खेळासंबंधी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याचा उत्साह हा त्याच्या क्षमतेचा पुरावा नव्हे. कामाच्या जाती निवडताना माणसाने शतकानुशतके असेच कुत्रे वंशवृद्धीसाठी राखले की, जे काम अर्धवट सोडत नाहीत. डोंगरावरून मेंढ्या आणणारा बॉर्डर कॉली वा पाण्यातून पक्षी आणणारा लॅब्रॅडॉर पाय दुखतो म्हणून वाटेत बसला, तर तो मेंढपाळाच्या वा शिकाऱ्याच्या उपयोगी नव्हता. परिणामी या जातींत खेळाच्या क्षणी वेदना मागे पडते. खेळाची उत्तेजना स्वतःच काही काळ वेदनेची जाणीव दडपते व कुत्रा अंगातील दोष अन्य स्नायूंवर भार टाकून झाकतो. माणूस थकला की थांबतो. असा कुत्रा त्याला थांबविले की थांबतो. म्हणून थांबविण्याची जबाबदारी सर्वस्वी हस्तकाची आहे.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एक उदाहरण येथे नमूद करण्याजोगे आहे. दहा वर्षांची मिश्र जातीची एक कुत्री रोज संध्याकाळी गच्चीवर चेंडूमागे चाळीस-पन्नास वेळा धावत असे. सकाळी उठताना ती अडखळते, याकडे घरच्यांचे लक्ष होते. परंतु संध्याकाळी चेंडू पाहताच ती नाचू लागे, म्हणून ‘हिला काही झालेले नाही’ असा त्यांचा ग्रह झाला होता. क्ष-किरण छायाचित्रात दोन्ही खुब्यांच्या सांध्यांत झीज स्पष्ट दिसली. ती एकाएकी झालेली नव्हती. निदान दोन-तीन वर्षे ती कुत्री दुखऱ्या सांध्यांवर धावत होती. घरच्यांचा निष्काळजीपणा म्हणावा, असे काही नव्हते. त्यांनी कुत्रीच्या आनंदावर विश्वास ठेवला होता, इतकेच. चेंडू बंद करून तिला घरात लपविलेल्या वस्तू शोधण्याचा खेळ लावण्यात आला. पहिले दोन आठवडे ती गच्चीच्या दारापाशी जाऊन बसे. पुढे मात्र शोधाचा डबा कपाटातून निघाला की, तिचे पूर्वीसारखेच नाचणे सुरू झाले. त्यानंतर ती तीन वर्षे जगली व अखेरच्या महिन्यापर्यंत शोधत राहिली.

वयोमानाने होणारे बदल : कुत्र्याच्या वजनाचा सु. ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. माणसाच्या खांद्याला छातीच्या पिंजऱ्याशी जोडणारे गळ्याजवळचे हाड कुत्र्यात जवळजवळ नसतेच. त्याचा पुढचा पाय धडाला केवळ स्नायू व कंडरा यांनी बांधलेला असतो. उडीनंतर जमिनीवर उतरताना बसणारा हिसका हेच स्नायू झेलतात. ॲजिलिटी खेळणाऱ्या ३,८०१ कुत्र्यांविषयी मालकांकडून माहिती गोळा करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सु. एक-तृतीयांश कुत्र्यांना केव्हा ना केव्हा इजा झाल्याचे आढळले व इजा होणाऱ्या भागांत खांद्याचे स्थान अग्रभागी होते. तरुण कुत्र्यात ताणलेली कंडरा काही आठवड्यांत पूर्ववत होते. वयस्कर कुत्र्यात तिची लवचिकता कमी झालेली असते व दुरुस्तीही मंद असते. सांध्यांतील कूर्चा झिजतात, मांड्यांचे व पाठीचे स्नायू रोडावतात. हे रोडावणे केसांखाली दिसत नाही. हाताने चाचपूनच कळते. लहान चणीच्या कुत्र्यांत हृदयाच्या झडपेचा विकार वाढत्या वयात पुष्कळदा आढळतो व खोकला किंवा लवकर लागणारी धाप हे त्याचे पहिले लक्षण असू शकते. वृद्ध लॅब्रॅडॉरमध्ये स्वरयंत्राचे स्नायू लुळे पडून श्वास घरघरू लागतो. असा कुत्रा उन्हाळ्यात धावविणे जिवावर बेतू शकते.

इंद्रियांचे बदल याहून अधिक फसवे असतात. सहाव्या-सातव्या वर्षापासून डोळ्याच्या भिंगाचा गाभा दाट होऊ लागतो व बुबुळात निळसर झाक दिसते. हा मोतीबिंदू नव्हे. परंतु जवळचे नीट दिसणे व अंतराचा अचूक अंदाज येणे यांत त्यामुळे उणेपणा येतो. अंधुक उजेडात ते विशेष जाणवते. दांड्याच्या फार अलीकडूनच उडी घेणारा कुत्रा हट्टी वा बेशिस्त नसून त्याला दांडा कोठे आहे ते नीट दिसत नसण्याचा संभव असतो. ऐकू येणेही कमी होते. घ्राणशक्ती मात्र इतर इंद्रियांच्या मानाने उशिरापर्यंत टिकते. वयस्कर कुत्र्यासाठी खेळ निवडताना हा मुद्दा निर्णायक ठरतो.

खेळांची निवड व फेरफार : वय झाले म्हणून ॲजिलिटी वर्ज्य होत नाही, तिचे रूप बदलावे लागते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खांद्यापाशी ४८ सेंमी.हून अधिक उंच असलेल्या कुत्र्यासाठी उडीचा दांडा ५५ ते ६० सेंमी. उंचीवर असतो. ‘ए-फ्रेम’ नावाची दोन उतरत्या फळ्यांची चढण सु. १·७ मी. उंच असते व नागमोडी धावण्यासाठी १२ खांब ६० सेंमी. अंतराने रोवलेले असतात. यांपैकी ए-फ्रेमवरून वेगाने उतरताना खांदा व मनगट यांवर, तर खांबांमधून जाताना पाठीच्या कण्यावर ताण पडतो. घरच्या सरावात वयस्कर कुत्र्यासाठी ए-फ्रेम काढून टाकावी, खांबांमधील अंतर वाढवावे व दांडा त्याच्या कोपराच्या उंचीहून वर ठेवू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बोगदा, वळणे व हस्तकाबरोबरची धाव यांत खेळाची बहुतेक गंमत शिल्लक राहते. स्पर्धेतही अशी सवलत असते. अमेरिकन केनेल क्लबच्या ॲजिलिटीतील एका वेगळ्या वर्गात दांडा ४ इंच (सु. १० सेंमी.) खाली ठेवतात व वेळ ५ सेकंद वाढवून देतात. या वर्गात जाण्यास काही हस्तकांना कमीपणा वाटतो. कुत्र्याला दांड्याची उंची मोजता येत नाही, ही गोष्ट अशा वेळी विसरली जाते.

फ्लायबॉल व तबकडीचा खेळ हे वयस्कर कुत्र्याला मानवत नाहीत. फ्लायबॉलमध्ये कुत्रा ५१ फूट (सु. १५·५ मी.) पूर्ण वेगाने धावून पेटीवर आदळल्यासारखा वळतो, तबकडी झेलताना तो अंग पिळवटून बहुधा मागच्या दोन पायांवर उतरतो. घरोघरी खेळला जाणारा चेंडूफेकीचा खेळ निरुपद्रवी मानला जातो, परंतु एकाएकी धाव, एकाएकी थांबणे व गिरकी यांची त्यात कित्येक वेळा आवृत्ती होत असल्याने तो या दोन्ही खेळांइतकाच कठीण आहे. चेंडू द्यावयाचाच, तर तो न फेकता गवतात ठेवून शोधावयास लावावा.

रॅलीत ठराविक अंतरावर ठेवलेल्या फलकांवरील सूचनांप्रमाणे कुत्रा व हस्तक चालत जातात. हस्तकास बोलून उत्तेजन देण्याची मुभा असते. हा खेळ वयस्कर कुत्र्यास चांगला. मात्र पुनःपुन्हा बसणे व उठणे गुडघा आणि खुबा यांना जड जाते, म्हणून सरावात उभे राहण्याच्या सूचना अधिक घ्याव्या. पोहण्यात सांध्यांवर भार येत नाही व स्नायूंना व्यायाम मिळतो. त्यासाठी उतरता काठ, अंगावर तरंगजाकीट व नंतर अंग कोरडे करणे आवश्यक असते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होण्याचे भय असल्याने अशा पाण्यात कुत्र्यास उतरवू नये व त्या रोगाची लस वेळेवर द्यावी.

वासाचा शोध : उतारवयातील कुत्र्याला सर्वांत अनुकूल खेळ हाच होय. पोलीस व सैन्यदलातील शोधक कुत्र्यांच्या शिक्षणपद्धतीवरून तो घेण्यात आला. २००० नंतरच्या दशकात अमेरिकेत त्याला खेळाचे रूप आले व २०१७ पासून अमेरिकन केनेल क्लबच्या स्पर्धांत तो अंतर्भूत झाला. त्या स्पर्धांत भूर्ज, ॲनिस (विलायती बडीशेप), लवंग व सायप्रस यांच्या तेलांचे वास वापरतात आणि ते पेट्यांत, खोलीत, उघड्यावर किंवा जमिनीत पुरून लपविलेले असतात. कुत्र्याला वासाचे स्थान दाखवावयाचे असते, ती वस्तू उचलावयाची नसते. या खेळात उडी नाही, पूर्ण वेगाची धाव नाही, इतर कुत्र्यांची गर्दी नाही. एका वेळी एकच कुत्रा मैदानात असतो, त्यामुळे बहिरा, अधू डोळ्यांचा किंवा इतर कुत्र्यांना बुजणारा कुत्राही तो खेळू शकतो.

शिक्षणाचा आरंभ खाऊने करतात. चार-पाच उघडी पुठ्ठ्याची खोकी जमिनीवर मांडून त्यांतील एकात उकडलेल्या कोंबडीचा तुकडा ठेवावा व कुत्र्यास मोकळे सोडावे. काहीही बोलू नये, बोटाने दाखवू नये. कुत्रा योग्य खोक्याशी पोहोचला की, तेथेच आणखी एक तुकडा टाकावा. बक्षीस वासाच्या जागीच मिळते, हे त्याला कळणे हा शिक्षणाचा पाया होय. हस्तकाने दूर उभे राहून हातातून खाऊ दिल्यास कुत्रा वास सोडून हाताकडे पाहू लागतो. खोक्यांची मांडणी दर वेळी बदलावी व ती टप्प्याटप्प्याने खोलीच्या कोपऱ्यांत, खुर्चीखाली, दाराच्या फटीशी न्यावी. दोन-तीन आठवड्यांत कुत्रा स्वतःहून पद्धतशीर शोधू लागतो. त्यानंतर खाऊसोबत दोन लवंगा झाकणास भोके पाडलेल्या डबीत ठेवाव्या व काही दिवसांनी खाऊ काढून घेऊन केवळ डबी लपवावी. कुत्रा डबीशी येऊन थबकला की खाऊ द्यावा. डबीचे झाकण घट्ट असावे, कारण लवंग कुत्र्याच्या पोटात जाणे इष्ट नाही. तसेच लवंगेचे निर्भेळ तेल त्याच्या नाकाला वा तोंडाला लागू देऊ नये. डबी नाकाच्या उंचीवर किंवा त्याखालीच लपवावी, म्हणजे मागच्या पायांवर उभे राहण्याची वेळ येणार नाही. वास हवेच्या झोताबरोबर सरकतो, म्हणून पंखा चालू असता कुत्रा डबीपासून दूर, समोरच्या भिंतीशी घुटमळलेला दिसतो. ही चूक नव्हे. तो वाहून आलेल्या वासाची कड शोधत असतो व त्याला वेळ दिल्यास मूळ जागी येतो. हा क्षण शांतपणे पाहणे हा हस्तकाचा या खेळातील खरा आनंद आहे.

एका शोधास दोन-तीन मिनिटे व एका बैठकीत तीन-चार शोध पुरेत. सतत हुंगण्याने कुत्रा धावण्याइतकाच दमतो, हे नवख्या हस्तकाच्या लवकर ध्यानात येत नाही.

शिक्षणपद्धती : म्हाताऱ्या कुत्र्यास नवे शिकविता येत नाही, हा समज निराधार आहे. टोरंटो विद्यापीठातील संशोधक मिलग्रॅम व त्यांचे सहकारी यांनी ४८ वयस्कर बीगल कुत्र्यांवर दोन वर्षे केलेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्या कुत्र्यांना व्यायाम, सोबत, खेळणी व सोडविण्यास कोडी मिळाली आणि शिवाय ऑक्सिडीकरणविरोधी घटकांनी युक्त आहार मिळाला, त्यांची शिकण्याची क्षमता इतरांपेक्षा चांगली टिकली. वयस्कर कुत्रा शिकतो, फक्त त्यास अधिक आवृत्त्या व त्यांच्यामध्ये अधिक विश्रांती लागते. दिवसातून दहा मिनिटांच्या एका बैठकीपेक्षा तीन-तीन मिनिटांच्या तीन बैठका बऱ्या. शिक्षा वा गळपट्टीचा हिसका यांना या वयात मुळीच स्थान नाही. दुखऱ्या मानेच्या कुत्र्याला हिसका म्हणजे निव्वळ इजा. प्रत्येक तोंडी आज्ञेस हाताची एकेक ठळक खूण कान शाबूत असतानाच जोडून ठेवावी, म्हणजे पुढे बहिरेपणा आला तरी कुत्रा व माणूस यांच्यातील संभाषण तुटत नाही. ज्याने हे वेळीच केले नाही, त्यास बहिऱ्या कुत्र्याचे लक्ष वेधण्यापासून पुन्हा आरंभ करावा लागतो.

खेळापूर्वी पाच ते दहा मिनिटे चालणे व मग हलकी दुडकी चाल, आणि खेळानंतर पुन्हा तितकेच सावकाश चालणे हा नियम कटाक्षाने पाळावा. जमिनीवर ठेवलेल्या काठ्यांवरून पाय उचलून जाणे, मागे मागे चालणे, मंद चढण चढणे या व्यायामांनी मागच्या पायांचे स्नायू व तोल सुधारतो. शहरातील गुळगुळीत फरशीवर वयस्कर कुत्र्याचे पाय फाकतात. सरावाच्या जागी सतरंजी न घालता रबरी चटई अंथरावी, कारण सतरंजी स्वतःच सरकते. नखे वाढलेली असल्यास पंजा जमिनीवर नीट टेकत नाही, म्हणून ती नियमित कापावी.

वजनाकडे दुर्लक्ष करून केलेला कोणताही सराव व्यर्थ होय. ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी अन्न मिळालेले कुत्रे सरासरीने १३ वर्षे, तर अधिक अन्न मिळालेले ११·२ वर्षे जगले. पहिल्या गटात सांध्यांच्या विकारांवर उपचाराची गरजही उशिरा भासली. कुत्र्याच्या बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरविताच मोजता याव्यात, ही कसोटी सोपी आहे. बक्षिसाचा खाऊ दिवसाच्या जेवणातूनच काढून ठेवावा. आपल्याकडे प्रेमापोटी पोळी, बिस्किटे व दूधभात यांचा जो मारा होतो, त्याचे वजन शेवटी खुब्यांना पेलावे लागते.

हवामान : कुत्र्यास घाम येतो तो जवळजवळ फक्त तळपायांना, शरीरातील उष्णता तो मुख्यत्वे धापा टाकून, जिभेवरील व श्वसनमार्गातील पाण्याच्या बाष्पीभवनाने घालवितो. त्याचे शारीरिक तापमान साधारणतः ३८° ते ३९° से. असते व ते ४१° से.च्या पुढे गेल्यास उष्माघाताचा धोका संभवतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत सूर्योदयापूर्वीची वेळच खेळास योग्य. मुंबई व कोकणपट्टीत तापमान कमी असूनही हवेतील आर्द्रतेमुळे बाष्पीभवन नीट होत नाही, त्यामुळे तेथे धोका पुष्कळांना वाटतो त्यापेक्षा अधिक असतो. डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू सात-आठ सेकंद ठेवता येत नसेल, तर तेथे कुत्र्यास चालवू नये. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबणे, हिरड्या गडद लाल होणे, चाल लटपटणे ही चिन्हे दिसताच कुत्र्यास सावलीत नेऊन अंगावर साधे थंड पाणी ओतावे, वारा घालावा व त्वरित पशुवैद्याकडे न्यावे.

तपासणी व निवृत्ती : सातव्या वर्षानंतर खेळणाऱ्या कुत्र्याची दर सहा महिन्यांनी पशुवैद्याकडून हृदय, सांधे, डोळे, दात व रक्त यांची तपासणी व्हावी. परंतु रोजची तपासणी हस्तकाचीच असते आणि तिची खरी वेळ खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी असते. कुत्रा उठताना पुढचे पाय ताणून मागचा भाग ओढतो काय, जिन्यापाशी क्षणभर थबकतो काय, एकच मनगट सारखे चाटतो काय, मागच्या पंज्याची मधली नखे घासून बोथट झाली आहेत काय, हे पाहावे. दुडक्या चालीत दुखरा पुढचा पाय टेकताना डोके वर उचलले जाते. महिन्यातून एकदा भ्रमणध्वनीवर बाजूने चित्रफीत घेऊन ठेवल्यास दररोज पाहणाऱ्या डोळ्यांना न जाणवणारा फरक दिसून येतो. खेळात दांडे पाडणे, वळण रुंद घेणे, नेहमीच्या अडथळ्यास बगल देणे हे शिस्तभंग नसून बहुधा दुखण्याचे निवेदन असते.

संधिशोथावर वेदनाशामक औषधे उपलब्ध आहेत व पशुवैद्याच्या सल्ल्याने ती दीर्घकाळ देता येतात. त्यांचा हेतू कुत्र्याचे रोजचे उठणे-बसणे सुसह्य करणे हा असतो. औषध देऊन त्याला उड्यांच्या स्पर्धेत उतरविणे सर्वथैव अनुचित होय. माणसांसाठीचे आयब्यूप्रोफेन कुत्र्यास विषारी असून ते कधीही देऊ नये.

उड्यांचे खेळ थांबविण्याची वेळ आली, तरी ते एका दिवसात बंद करू नयेत. वर्षानुवर्षे रविवारी सकाळी मैदानावर जाणाऱ्या कुत्र्यास पिशवी भरल्याचा आवाज, गाडीचे दार, मैदानावरचा वास हे सर्व क्रमच खेळाइतका प्रिय झालेला असतो. घरात दुसरा तरुण कुत्रा असल्यास त्याला घेऊन जाताना म्हाताऱ्यास मागे ठेवल्याने तो दिवसभर दाराशी बसून राहतो, खाणे टाकतो, असे पुष्कळदा दिसून येते. त्यास बरोबर न्यावे, सावलीत त्याची चटई अंथरावी व इतरांचा सराव आटोपल्यावर जमिनीवर टेकविलेल्या दांड्यांवरून एक फेरी, एक सरळ बोगदा आणि गवतात लपविलेली एक डबी एवढा खेळ त्याच्यासाठी राखून ठेवावा. पोलीस दलातून निवृत्त होऊन घरी दत्तक गेलेल्या शोधक कुत्र्यांच्या बाबतीतही हाच उपाय लागू पडतो. रोज सकाळी घरात एक डबी लपविण्यास पाच मिनिटे लागतात.